खेळाचें साहित्य आणि शाळेचें दार

पंचवटी म्हटली कीं महाराष्ट्रांतील कोणत्याहि घरांत रामाची, सीतेची आणि गोदावरीच्या घाटांची आठवण निघते. व्यायामाची आठवण सहसा निघत नाहीं. परंतु ती निघावी असाच हा परिसर आहे. नाशिकच्या लगत, नंदिनी आणि गोदावरी यांच्या संगमापाशीं टाकळी हें ठिकाण आहे. समर्थ रामदासांनीं सतराव्या शतकांत तेथें बारा वर्षें तपाचरण केलें आणि रोज बाराशें सूर्यनमस्कार घातले, असें परंपरा सांगते. जिल्ह्याच्या उत्तरेस सप्तशृंगीचा गड उभा आहे. मल्लखांबाचे आद्य गुरु बाळंभटदादा देवधर यांना या विद्येची स्फूर्ति त्याच गडावर झाली, अशीहि कथा आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरीं असलेल्या या ब्राह्मण मल्लानें निजामाच्या दरबारांतून आलेल्या पहिलवानांचें आव्हान स्वीकारलें आणि पुढें ब्रह्मावर्तास पेशव्यांच्या आश्रयानें आपली विद्या शिकविली. कथेंतला कांहीं भाग भक्तीचा असेल, कांहीं अभिमानाचा असेल. पण अंगमेहनतीची आणि पंचवटीच्या पंचक्रोशीची ओळख जुनी आहे, एवढें त्यावरून खचित दिसतें.

याच पंचवटींत २ मार्च १९३० रोजीं एका दाराचा प्रश्न उभा राहिला. डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें पंधरा हजार अस्पृश्य स्त्री-पुरुषांची मिरवणूक काळाराम मंदिराकडे निघाली. मंदिराचीं दारें बंद होतीं. मिरवणूक गोदावरीच्या घाटाकडे वळली आणि तेथें सभा भरली. दुसऱ्या दिवशीं सव्वाशें पुरुष आणि पंचवीस स्त्रिया यांची पहिली तुकडी चारी दारांपुढें जाऊन बसली. ९ एप्रिलला रथ ओढण्यावरून दगडफेक झाली. तिचे पडसाद जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतून उमटले. कोठें वाटा बंद झाल्या, कोठें वाण्यानें माल देण्याचें नाकारलें, आणि कोठें अस्पृश्यांच्या मुलांना शाळेंतून बाहेर काढण्यांत आलें.

देवळाच्या दाराच्या भांडणाचा राग शाळेंतल्या पोरावर निघाला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. देऊळ आणि शाळा यांचे दरवाजे एकाच भिंतींत बसविलेले होते. पण या दोन दरवाजांच्या पलीकडे आणखी एक लहानसा दरवाजा असतो, त्याची वार्ता इतिहासकार फारशी घेत नाहींत. तो म्हणजे शाळेच्या मागल्या खोलींतील कपाटाचा. त्यांत बॅटी, चेंडू, लेजिमा, जोड्या, दोरखंड असें खेळाचें सामान असतें, आणि त्याची किल्ली कोणाच्या तरी कमरेला असते. शाळेंत प्रवेश मिळालेल्या मुलाला त्या कपाटांतील वस्तूला हात लावण्याचा प्रवेश मिळाला कीं नाहीं, हा प्रश्न सरकारी ठरावांच्या भाषेंत फार उशिरां आला. प्रत्यक्षांत मात्र तो शाळांच्या जन्माइतकाच जुना आहे.

त्याची सुरुवात धारवाडास दिसते. १८५६ सालीं धारवाडच्या सरकारी शाळेंत एका महार मुलानें प्रवेश मागितला. त्याला आंत घेतलें तर बाकीचीं मुलें निघून जातील आणि शाळाच ओस पडेल, असें कारण सांगून मुंबई सरकारनें त्याला परत पाठविलें. प्रकरण वरपर्यंत गेलें. १८५८ सालीं विलायतेहून निर्णय आला कीं, केवळ जातीच्या कारणानें कोणत्याहि मुलास सरकारी शाळेंत प्रवेश नाकारतां येणार नाहीं. निर्णय उत्तम होता. त्याची अंमलबजावणी मात्र गांवोगांवच्या मास्तरांच्या आणि पुढाऱ्यांच्या मर्जीवर राहिली, आणि ती मर्जी पुढें दोन पिढ्या बहुतेक जिल्ह्यांत ओसरीच्या पायरीपाशीं थांबली. साताऱ्याच्या शाळेंत भीमराव आंबेडकर हे स्वतःच्या गोणपाटावर निराळे बसत. तहान लागली तर शिपाई वरून पाणी ओती तेव्हांच तें मिळे. शिपाई नसला तर पाणीहि नसे.

पाण्याच्या भांड्याला हात लावूं न देणारी शाळा चेंडूला हात लावूं देईल, असें मानण्यास आधार नाहीं. उलट चेंडूची गोष्ट पाण्याहूनहि अडचणीची. पाणी वरून ओततां येतें. चेंडू एका हातांतून दुसऱ्या हातांत गेल्यावांचून खेळच होत नाहीं. यांत एक विनोदहि दडलेला आहे. क्रिकेटचा चेंडू चामड्याचा. ज्या कातडें कमावणाऱ्या आणि शिवणाऱ्या हातांना शिवूं नये, त्यांच्याच धंद्यांतून निघालेली वस्तु उच्चवर्णीय खेळाडू दिवसभर मुठींत धरीत, पँटीला घाशीत आणि घाम पुसल्या बोटांनीं फिरवीत. तिचा विटाळ कोणाला झाल्याचें ऐकिवांत नाहीं.

त्याच धारवाडांत, त्या अर्जानंतर वीस वर्षांनीं, १८७५-७६ च्या सुमारास एका चांभार कुटुंबांत बाळू पालवणकर यांचा जन्म झाला. वडील लष्कराच्या नोकरींत असल्यामुळें कुटुंब पुण्यास आलें. बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम यांनीं क्रिकेट शिकलें तें कोणत्याहि शाळेच्या सामानावर नव्हे. गोऱ्या अधिकाऱ्यांनीं टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू हेंच त्यांचें सामान. यांत छावणीचा वांटा मोठा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत लष्करी छावणी ही अस्पृश्य मुलाला शाळाहि देत होती आणि टाकाऊ कां होईना, खेळाचें साहित्यहि देत होती. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी हे लष्करी शाळेंतच शिक्षक होते. १८९० नंतरच्या कांहीं वर्षांत महारांची पलटणींतील भरती बंद झाली, तेव्हां नुसती नोकरी गेली नाहीं. मुलांच्या हातचा चेंडूहि गेला. या बाजूनें त्या बंदीचा विचार क्वचितच झालेला आहे.

बाळूंनीं पुण्यास प्रथम पारशांच्या एका क्लबांत महिना तीन रुपयांवर नोकरी धरली. काम मैदान झाडण्याचें आणि खेळपट्टीवर रूळ फिरविण्याचें. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबांत चार रुपयांवर गेले. तेथें जाळीं लावणें, रेघा आंखणें आणि साहेबांच्या सरावाकरितां चेंडू टाकणें हें काम होतें. ग्रेग नांवाचा नामांकित फलंदाज त्यांच्या गोलंदाजीवर तासन् तास सराव करी. आपणांस बाद केल्यास दर खेपेस आठ आणे तो देई, अशी हकीकत सांगतात. बाळूंचा डावा हात असा तयार झाला. पण त्या क्लबांत त्यांच्या हातीं बॅट एकदांहि देण्यांत आली नाहीं. चेंडू टाकणें हें चाकराचें काम आणि फटका मारणें हें साहेबाचें सुख, अशी ती वांटणी होती. साहित्याच्या समान हक्काचा विचार करणाऱ्यानें ही वांटणी बारकाईनें पाहावी. मैदान बाळूंना बंद नव्हतें. सामानहि त्यांच्याच ताब्यांत असे. झाडणारे, पुसणारे, उचलून ठेवणारे तेच. नाकारलेली होती ती फक्त वापरण्याची पाळी.

पुढें पुण्याच्या हिंदु क्लबाला युरोपियनांवर मात करावयाची होती, म्हणून बाळूंना संघांत घ्यावें कीं नाहीं यावर खल झाला आणि अखेर त्यांना घेण्यांत आलें. मैदानावर सर्वांनीं एकच चेंडू हाताळावयाचा. चहाच्या सुटींत मात्र इतरांना चिनीमातीच्या पेल्यांतून चहा आणि बाळूंना मंडपाबाहेर मातीच्या मडक्यांतून. जेवणाचें ताट निराळें, जागाहि निराळी. ज्याच्याबरोबर खेळतां त्याच्याबरोबर जेवावयास काय हरकत आहे, असा रोखठोक सवाल न्यायमूर्ति रानडे यांनीं केल्याचें सांगतात. १९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं हिंदी संघ इंग्लंडास गेला, त्या दौऱ्यांत बाळूंनीं ११४ बळी घेतले. तरीहि हिंदु संघाचें कप्तानपद त्यांच्या वांट्यास आलें नाहीं. १९२० सालीं डावलले जाण्याच्या निषेधार्थ शिवराम आणि विठ्ठल या भावांनीं संघांतून अंग काढून घेतलें. १९२३ सालीं विठ्ठल हे कप्तान झाले आणि हिंदूंनीं चौरंगी सामना जिंकला. विठ्ठलांनीं पुढें १९४८ सालीं ‘माझें क्रीडा-जीवन’ हें आपलें आत्मचरित्र प्रसिद्ध केलें.

आतां ज्या वर्षीं विठ्ठल पालवणकर कप्तान झाले, त्याच वर्षीं मुंबईच्या कायदेमंडळांत काय घडलें तें पाहण्यासारखें आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं सीताराम केशव बोले यांनीं एक ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. सार्वजनिक पैशानें बांधलेलीं वा चालविलेलीं पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेंच सार्वजनिक शाळा, न्यायालयें, कचेऱ्या आणि दवाखाने यांचा उपयोग अस्पृश्यांना करूं द्यावा, असा त्याचा आशय होता. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह याच ठरावाच्या आधारावर उभा राहिला. या ठरावांतील खरी जान ‘सार्वजनिक पैसा’ या शब्दांत आहे. धर्मशास्त्राचा वाद त्यानें घातलाच नाहीं. ज्या वस्तूला सर्वांच्या कराचा पैसा लागला ती वस्तु सर्वांची, एवढाच सरळ व्यवहार त्यानें सांगितला. जे मुलांना प्रवेश नाकारतील त्या शाळांना सरकारी मदत मिळूं नये, असेंहि धोरण त्याच सुमारास सरकारनें जाहीर केलें.

परंतु शाळेच्या आंत गेल्यावर काय, याबद्दल ठराव मुका होता. १९२८ मध्यें नेमलेल्या स्टार्ट समितींत डॉ. आंबेडकर आणि ठक्करबाप्पा हे दोघेहि सभासद होते. १९३० सालच्या आपल्या अहवालांत तिनें अस्पृश्यांसाठीं निराळ्या शाळा चालविण्यापेक्षां सर्वांच्या एकत्र शाळांना उत्तेजन द्यावें, असा कौल दिला. कोल्हापुरांत शाहु छत्रपतींनीं ही गोष्ट १९१९ सालींच हुकमानें केली होती. निराळ्या शाळेविरुद्ध एक युक्तिवाद साहित्याच्या बाजूनेंहि करतां येतो. निराळी शाळा म्हणजे निराळें कपाट, आणि निराळें कपाट हें नेहमी रिकामें असतें.

तें कपाट भरे कसें, हें समजून घेतलें पाहिजे. मुंबई इलाख्यांतील हायस्कुलांत विद्यार्थ्यांकडून शिकवणीच्या फीबरोबर जिमखान्याची फी घेत. त्या पैशांतून बॅटी, चेंडू, स्टंप, जाळीं घेत. क्रिकेटचें सामान विलायतेहून येई. पुढें पंजाबांतील सियालकोट हें या धंद्याचें मोठें केंद्र झालें, आणि १९४७ च्या फाळणीनंतर तेथील कारागीर जालंदर व मेरठ येथें येऊन स्थिरावले. सामान महाग असल्यामुळें तें जपून वापरण्याची वृत्ति आली आणि जपून वापरणें म्हणजे निवडक मुलांनीं वापरणें, असा अर्थ रूढ झाला. सामन्याच्या चमूंतील अकरा मुलें खेळत. उरलेलीं सीमेवर उभीं राहून चेंडू आणून देत. फी सर्वांची, खेळ अकरांचा. जातीचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी हा प्रश्न उरतोच. हायस्कुलांतून पोचणारी मुलेंहि थोड्या जातींचीं आणि थोड्या घरचीं. प्राथमिक मराठी शाळेंत, जेथें बहुजनांचीं मुलें जात, तेथें जिमखाना नव्हताच. तेथें होती ती कवाईत.

ही वांटणी आपल्या मातींत उगवलेली नाहीं. ती विलायतेची नक्कल होती. इंग्लंडमध्यें ईटन, हॅरो अशा श्रीमंतांच्या शाळांतून क्रिकेट आणि फुटबॉल हीं शीलशिक्षणाचीं साधनें मानीत. मजुरांच्या मुलांसाठीं १८७० च्या कायद्यानें ज्या प्राथमिक शाळा निघाल्या, त्यांतून मात्र लष्करी धर्तीची कवाईत चाले. एकाला पुढारी व्हावयाचें, दुसऱ्याला हुकूम पाळावयाचा, असा त्यांतला हिशेब. प्राथमिक शाळांच्या वेळांत संघटित खेळांना अधिकृत स्थान मिळालें तें १९०६ मध्यें. ज्या देशानें क्रिकेट जगाला दिलें, त्या देशांतल्या गरिबाच्या मुलालाहि शाळेच्या वेळांत तें खेळण्यास विसाव्या शतकाची वाट पाहावी लागली, हें आपल्याकडील क्रिकेटभक्तांना क्वचितच ठाऊक असतें.

महाराष्ट्रांत यावर एक देशी तोड निघाली, आणि ती पंचवटीच्या परंपरेंतूनच निघाल्यासारखी होती. सूर्यनमस्काराला सामान लागत नाहीं. हुतूतूला एक रेघ पुरते. आट्यापाट्यांना जमीन आणि चार मुठी चुना पुरतो, खोखोला दोन खांब. मल्लखांबाचा सागवानी वा शिसवी खांब एकदां पुरला कीं एरंडेलाच्या खर्चावर पिढी काढतो. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं आपल्या संस्थानच्या शाळांतून नमस्कारांचा प्रसार केला. अमरावतीस १९१४ मध्यें निघालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें देशी खेळ पद्धतशीर शिकविले आणि १९३६ मध्यें बर्लिनला त्यांचीं प्रात्यक्षिकें केलीं. १९३७ नंतर मुंबईंत खेर मंत्रिमंडळ आलें तेव्हां स्वामी कुवलयानंदांच्या अध्यक्षतेखालीं शारीरिक शिक्षणाची समिति नेमली गेली, आणि १९३८ मध्यें कांदिवलीस व्यायामशिक्षक तयार करण्याची सरकारी संस्था निघाली. गांवोगांवच्या शाळांना शिकलेला व्यायामशिक्षक मिळूं लागला, तो या मार्गानें.

हें कार्य मोठें आहे. तथापि त्याची एक बाजू सांगितल्याशिवाय राहवत नाहीं. देशी खेळांना खर्च नाहीं, हें त्यांचें भूषण होतें. पण हेंच भूषण पुढें सरकारी आणि म्युनिसिपल कारभाराच्या हातीं सबब म्हणून सांपडलें. ‘तुम्हांला हुतूतू आहेच’ असें म्हटलें कीं मराठी शाळेला चेंडू देण्याचें कारण उरत नसे. ज्या गृहस्थांनीं सभांतून विलायती खेळांवर टीका केली, त्यांचीं स्वतःचीं मुलें हायस्कुलाच्या जिमखान्यांत संध्याकाळीं बॅट घेऊन जात. बिनखर्ची खेळ हा आवडीनें निवडला तर खेळ, आणि दुसरें कांहीं मिळत नाहीं म्हणून पत्करला तर तें नुसतें दारिद्र्य. यांतला फरक खेळणाऱ्या मुलाला बरोबर कळतो.

शिवाय देशी आखाडाहि सर्वांना सारखा खुला होता, असें म्हणतां येत नाहीं. आखाडा या शब्दाला पंचवटींत दोन अर्थ आहेत; एक दर बारा वर्षांनीं सिंहस्थांत येणाऱ्या साधूंचा, दुसरा तालमीचा. दोहोंतहि प्रवेशाचे नियम असत. तालमीच्या हौदांतली तांबडी माती तेल, ताक, हळद घालून मुरवितात आणि ती सर्वांच्या अंगाला लागते. कुस्ती म्हणजे अंगाशीं अंग भिडणें. ज्यांच्या सावलीचा विचार होई, त्यांना त्या हौदांत कोण घेणार? कोल्हापुरांत शाहु महाराजांनीं जातीची पर्वा न करतां मल्लांना आश्रय दिला आणि १९१२ मध्यें खासबागचें कुस्तीमैदान बांधलें. पण तसा राजा प्रत्येक गांवाला लाभत नाहीं. अन्यत्र अस्पृश्य तरुणांनीं आपली सोय आपण केली. महाडनंतर उभ्या राहिलेल्या समता सैनिक दलांतून पलटणींतल्या जुन्या शिपायांनीं त्यांना कवाईत आणि शिस्त शिकविली. जी शाळेनें द्यावयाची ती गोष्ट चळवळीनें दिली.

नाशिकचेंच एक उदाहरण याच काळांतलें आहे. १९३७ मध्यें डॉ. बा. शि. मुंजे यांनीं गोदावरीच्या कांठीं रामभूमीवर भोसला मिलिटरी स्कूल काढलें. घोडे, नेमबाजी, विस्तीर्ण मैदानें, राहण्याची सोय, असें सर्व साहित्य तेथें होतें. ती फी देऊन शिकण्याची निवासी शाळा होती. तिच्यावर सार्वजनिक शाळेचा नियम लावणें न्यायाचें होणार नाहीं. पण एकाच शहरांत, एकाच नदीच्या पाण्यावर, एका मुलाला घोडा मिळत होता आणि दुसऱ्याला म्युनिसिपल शाळेंत चेंडूहि मिळत नव्हता, हें चित्र डोळ्यांपुढें आणण्यासाठीं तिचा उल्लेख केला. त्याच १९३७ सालीं मुंबईंत प्रांतिक निवडणूक झाली. तींत डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध काँग्रेसच्या तिकिटावर उभे होते बाळू पालवणकर. आंबेडकरांना १३,२४५ मतें पडलीं, बाळूंना ११,२२५. एकानें शाळेंत गोणपाटावर बसून विद्या मिळविली होती, दुसऱ्यानें टाकलेल्या चेंडूवर कीर्ति. दोघांचीं मतें जुळलीं नाहींत, यांत नवल नाहीं. पण ज्या दारांतून ते दोघे आले तें दार एकच होतें.

पंचवटीचा सत्याग्रह पांच वर्षें रेंगाळत चालला. ३ मार्च १९३४ रोजीं आंबेडकरांनीं भाऊराव गायकवाड यांना पत्र लिहून तो थांबविण्याचा सल्ला दिला. मूर्तिपूजक व्हावें म्हणून ही चळवळ आपण आरंभिली नव्हती. आपल्या लोकांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, हा तिचा हेतु होता. यापुढें त्यांनीं आपलें सर्व बळ राजकारण आणि शिक्षण यांवर लावावें, असा त्या पत्राचा भावार्थ होता. देवळाचें दार सोडून शाळेच्या दाराकडे वळण्याचा तो निर्णय होता. १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं नाशिक जिल्ह्यांतल्याच येवलें येथें त्यांनीं धर्मांतराची घोषणा केली, तिनें या पर्वावर पडदा पडला.

स्वतंत्र भारताच्या घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदांत विहिरी, तळीं, स्नानाचे घाट, रस्ते आणि राज्याच्या पैशानें चालणारीं सार्वजनिक ठिकाणें यांच्या उपयोगाबद्दल भेदभाव करतां येणार नाहीं, असें १९५० सालीं आलें. बोले यांच्या ठरावाचा धागा त्यांत उघड दिसतो. तरीहि कपाटाची गोष्ट निराळी होऊन कायद्यांत येण्यास आणखी साठ वर्षें लागलीं. २००९ सालीं मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अंमलांत आला. त्याच्या परिशिष्टांत प्रत्येक शाळेला क्रीडांगण असावें, आणि प्रत्येक वर्गाला आवश्यकतेप्रमाणें खेळाचें साहित्य पुरवावें, असें लिहिलें आहे. धारवाडच्या त्या अर्जापासून मोजलें तर या एका ओळीला दीडशें वर्षांहून अधिक काळ लागला.

अमेरिकेंत हा प्रश्न मुलींच्या निमित्तानें सुटला. १९७२ च्या कायद्यानें सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेद करण्यास बंदी घातली. १९७५ च्या नियमांत, खेळांत समान संधि आहे कीं नाहीं हें ठरवितांना ज्या गोष्टी पाहावयाच्या त्यांत साहित्य व सामग्रीचा पुरवठा ही बाब नांव घेऊन घातली. तेथेंहि युक्तिवाद तोच होता, सार्वजनिक पैशाचा. आपल्याकडे मुलींचा प्रश्न अजून बोलला जातो त्याहून अवघड आहे. त्याचें उत्तर नाशिक जिल्ह्यांतील एका मुलीनें स्वतःच्या पायांनीं दिलें. हरसूलजवळच्या सावरपाडा या आदिवासी पाड्यांतील कविता राऊत यांनीं धावण्याचा खेळ निवडला, कारण तो अनवाणी करतां येतो आणि त्याला पैसे लागत नाहींत. पुढें नाशिकला प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्या हाताखालीं त्या तयार झाल्या. २०१० मध्यें दिल्लीच्या राष्ट्रकुल सामन्यांत दहा हजार मीटरच्या शर्यतींत त्यांनीं कांस्यपदक मिळविलें, त्याच वर्षीं ग्वांगझूच्या आशियाई सामन्यांत रौप्यपदक; २०१२ मध्यें अर्जुन पुरस्कार. त्यांचें कौतुक महाराष्ट्रानें मनापासून केलें. पण अनवाणी धावतां येतें म्हणून धावणें निवडलें, या वाक्यांत कौतुकापेक्षां निराळीहि एक गोष्ट आहे. ज्या मुलीला भाला फेकतां आला असता किंवा उंच उडी साधली असती, तिला भाला आणि गादी कोठें होती?

सरकारी पैशाचा हिशेब पाहिला म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. २०१८ सालीं सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेंत सरकारी शाळांना खेळाच्या साहित्यासाठीं वार्षिक रक्कम ठरविण्यांत आली: प्राथमिक शाळेला ५,००० रुपये, उच्च प्राथमिक शाळेला १०,००० आणि माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळेला २५,००० पर्यंत. दीडशें मुलांची प्राथमिक शाळा धरली तर डोईं वर्षाला तेहेतीस रुपये पडतात. ही रक्कम पूर्वीं नव्हती, तेव्हां तिला नांवें ठेवणें बरोबर नव्हे. पण तेहेतीस रुपयांत प्रत्येक मुलाला काय द्यावयाचें, हा प्रश्न आला कीं जिमखान्याची जुनी संवय पुन्हा डोकें वर काढते. एक चांगली बॅट घ्यावी आणि चमूला द्यावी, कीं वीस साधे चेंडू घेऊन वीस टोळक्यांना द्यावे? पहिल्यानें ढाल मिळण्याची आशा असते. दुसऱ्यानें शाळेचें नांव वर्तमानपत्रांत येत नाहीं. आणि नव्या वस्तूला ओरखडा पडूं नये म्हणून ती कपाटांतच ठेवणारे सद्गृहस्थ सर्व काळीं आणि सर्व जातींत असतात. त्यांच्या दृष्टीनें खेळाचें सामान हें तपासणीच्या दिवशीं दाखविण्यासाठीं असतें.

पंचवटींत आज मीनाताई ठाकरे यांच्या नांवाचें मोठें क्रीडासंकुल आहे. काळाराम मंदिराचीं दारें सर्वांना उघडीं झाल्यालाहि आतां कित्येक दशकें लोटलीं. लहान शाळेंतल्या कपाटाबद्दल मात्र कायद्यानें एक व्यवस्था सांगितली आहे, ती फारशी चर्चेंत येत नाहीं. शिक्षणहक्काच्या कायद्याप्रमाणें प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेला व्यवस्थापन समिति असते. तिच्या सभासदांपैकीं निदान तीन-चतुर्थांश पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, आणि दुर्बल व वंचित घटकांतील मुलांच्या पालकांना संख्येच्या प्रमाणांत जागा द्याव्या लागतात. सरकारी शाळेंत आलेल्या अनुदानाचा विनियोग कसा होतो, हें पाहणें त्या समितीचें काम आहे. खेळाच्या साहित्याचे पांच हजार रुपये शाळेंत येतात तेव्हां टेबलाभोंवतीं तीहि मंडळी बसलेली असते. खरेदीच्या यादीवर त्यांची सही लागते, आणि कपाटाची किल्ली कोणाकडे राहील हें विचारण्याचा अधिकार त्यांना आहे.